प्रवरसेनाचे चार मुलगे : वाशीमच्या ताम्रपटापासून कोतवाल बुकापर्यंत

पुराणांत राजवंशांच्या ज्या याद्या येतात, त्यांत एक छोटी नोंद आहे. विंध्यशक्तीचा मुलगा प्रवीर याने साठ वर्षे राज्य केले, वाजपेय यज्ञ केला आणि त्याचे चारही मुलगे राजे झाले. हा प्रवीर म्हणजे वाकाटक घराण्याचा सम्राट पहिला प्रवरसेन, असे अभ्यासक मानतात. चार मुलगे राजे झाले याचा अर्थ घराण्याच्या चार शाखा झाल्या. परंतु १९३९ सालापर्यंत यांपैकी एकाच शाखेचा माग लागला होता. दुसरी शाखा सापडली ती वाशीममध्ये, एका ताम्रपटावर. उरलेल्या दोन मुलांचे पुढे काय झाले, हे सांगणारा लेख आजवर मिळालेला नाही.

एका पूर्वजापासून निघून त्याचे वंशज शोधत खाली यायचे, हे काम किती अवघड असते, ते या एका घराण्याच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होत असेल. आपल्याला वाटते, वंशावळ म्हणजे झाड. बुंध्याला धरले की फांदी फांदी मोजत शेंड्यापर्यंत जाता येईल. प्रत्यक्षात जुनी वंशावळ झाडासारखी नसते. ती शिडीसारखी असते. ती लिहिणारा माणूस खालच्या पायरीवर उभा असतो आणि त्याला आपला बाप, आजा, पणजा एवढेच सांगायचे असते. चुलत्याची शिडी वेगळी, तिची नोंद त्याने ठेवण्याचे कारण नाही. त्यामुळे पूर्वजाकडे चढत जाणे सोपे आणि वंशजांकडे उतरत येणे कठीण. या लेखात वाशीम जिल्ह्यातल्या तीन प्रकारच्या नोंदी पाहायच्या आहेत : राजांचे ताम्रपट, कारंज्याच्या जैन परंपरेतील लेख आणि गावच्या कोतवालाचे बुक. तिन्हींत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपाने येतो.

एकमेकींचे नाव न घेणाऱ्या दोन शाखा

प्रवरसेनाच्या ज्या शाखेची माहिती आधी झाली, तिची राजधानी नागपूरजवळ नंदिवर्धन येथे होती. या शाखेचे ताम्रपट विदर्भात व आसपास बरेच सापडले. त्यांतील वंशवर्णनाचा साचा ठरलेला आहे. प्रवरसेनापासून सुरुवात, मग त्याचा नातू पहिला रुद्रसेन, मग पहिला पृथिवीषेण, दुसरा रुद्रसेन आणि दुसरा प्रवरसेन. रुद्रसेनाचा बाप गौतमीपुत्र हा स्वतः राज्यावर आला नसावा. त्याचे नाव येते ते दुवा म्हणून. या साच्यात कोठेही प्रवरसेनाला दुसरा मुलगा होता असा उल्लेख नाही. एवढेच काय, घराण्याचा मूळपुरुष विंध्यशक्ती याचेही नाव या ताम्रपटांत येत नाही.

दुसरीकडे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक मोठा पद्यमय लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे कोरवले आणि लेखात आपल्या धन्याची वंशावळ दिली. ती विंध्यशक्तीपासून सुरू होते. पण लेख उघड्या भिंतीवर आहे, पावसापाण्याने झिजला आहे आणि मधली काही नावे अर्धीमुर्धीच उरली आहेत. एका राजाबद्दल तो आठव्या वर्षी गादीवर आला एवढे वाचता येते. त्याचे नाव त्या भिंतीवर राहिलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर अशा थोर विद्वानांनी हा लेख वाचला. झिजलेल्या जागी कोणती नावे असतील, हे ठरवताना त्यांच्यासमोर नंदिवर्धन शाखेची यादी होती. तेव्हा दुसरी यादीच माहीत नव्हती. साहजिकच प्रवरसेनानंतरच्या अस्पष्ट अक्षरांत रुद्रसेन आणि पृथिवीषेण ही नावे वाचली गेली. त्यापुढे प्रवरसेन हे नाव स्पष्ट होते. नंदिवर्धनच्या यादीतही प्रवरसेन होताच. सगळे जुळले. अजिंठ्याचा आश्रयदाता हरिषेण हा नंदिवर्धनच्या प्रवरसेनाचा वंशज ठरला आणि वाकाटकांचे एकच सलग घराणे इतिहासाच्या पुस्तकांत स्थिर झाले.

यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. हाताशी एकच वंशावळ असली की सापडलेले प्रत्येक नाव तिच्यातच बसवण्याकडे मन धावते. आणि घराण्यांत नावे पुन्हापुन्हा येतात, म्हणून ते बसतेही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडे आजही आहे. प्रवरसेनाच्या दोन्ही शाखांत पुढे एकेक प्रवरसेन झाला, हा काही योगायोग नव्हे. दोन्ही घरांनी एकाच पूर्वजाचे नाव जपले होते. नावाच्या सारखेपणावरून माणूस एकच आहे असे मानले, की दोन चुलत घरे एक होतात आणि त्यांतले एक नाहीसे होते.

वाशीमचा ताम्रपट

१९३९ साली वाशीम येथील ताम्रपट उजेडात आला. विदर्भाचे इतिहाससंशोधक डॉ. य. खु. देशपांडे आणि प्रा. महाजन यांनी तो प्रसिद्ध केला आणि पुढे म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. ताम्रपट दिला गेला वत्सगुल्म या ठिकाणाहून. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. देणारा राजा विंध्यशक्ती, त्याच्या राज्याचे सदतिसावे वर्ष. नंदिकड म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडील भागातले आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची ही सनद आहे. वंशवर्णन संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात.

वंशवर्णनात तीनच नावे : धर्ममहाराज विंध्यशक्ती, त्याचा बाप धर्ममहाराज सर्वसेन, त्याचा बाप सम्राट प्रवरसेन. तीन पायऱ्यांची शिडी. पण मधल्या पायरीवर जे नाव होते ते नंदिवर्धनच्या कोणत्याही ताम्रपटात नव्हते. सर्वसेन हा प्रवरसेनाचा दुसरा मुलगा, आणि वाशीम ही त्याच्या घराची राजधानी.

आता मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला. जिथे रुद्रसेन वाचले गेले होते तिथे सर्वसेन होते आणि जिथे पृथिवीषेण वाचले गेले होते तिथे विंध्यसेन. वाशीमच्या ताम्रपटातला विंध्यशक्ती तोच अजिंठ्याचा विंध्यसेन. एकाच माणसाची दोन रूपे असलेली नावे. त्यापुढचा प्रवरसेन हा नंदिवर्धनचा नसून वत्सगुल्मचा, आणि देवसेन व हरिषेण हेही याच शाखेचे. अजिंठ्याच्या भिंतीवरची अक्षरे पूर्वी होती तीच होती. त्यांच्याकडे पाहण्यासाठी दुसरी वंशावळ हवी होती, ती वाशीमने पुरवली. या एका शोधाने अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांपैकी काहींचा आश्रय वाशीमच्या घराण्याकडे आला.

आणखी एक गाठ सुटली. सर्वसेन नावाच्या कवीचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य संस्कृत साहित्यशास्त्रकारांना परिचित होते. काव्य आज उपलब्ध नाही. कवीचे नाव मात्र टिकले होते. तो वाकाटक राजा सर्वसेनच, हे या ताम्रपटानंतर सांगता आले.

पुढे वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे देवसेनाच्या काळातला एक शिलालेख मिळाला. त्याच्या राज्यात सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची ती नोंद आहे. तिच्यात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८च्या सुमाराचा काळ दिला आहे. वाकाटक आपल्या लेखांत राज्यवर्षे देतात. राज्यवर्षावरून अमुक राजा किती वर्षे गादीवर होता हे कळते, पण तो केव्हा होऊन गेला हे कळत नाही. या तलावाच्या नोंदीने वत्सगुल्म शाखेच्या शिडीची एक पायरी कालगणनेच्या भिंतीला टेकवली. हा लेख तलावाचा, वंशावळीचा नव्हे. वंशज शोधणाऱ्याने केवळ वंशावळी वाचून भागत नाही, ते यासाठी.

हरिषेणानंतर मात्र वत्सगुल्मच्या राजाचा लेख मिळत नाही. शाखा सापडली, तिचा शेंडा सापडला, आणि तिथे ती थांबली.

कोणाचे नाव केव्हा येते

ताम्रपट हा इतिहास लिहिण्यासाठी कोरलेला नव्हता. तो जमिनीचा कागद होता. देणाऱ्याची वंशावळ त्यात येते ती देण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठी. घेणाऱ्यांची नावे आणि गोत्रे येतात ती त्यांच्या मुलानातवंडांनी ते गाव निर्वेधपणे उपभोगावे म्हणून. अधिकाराला ज्याची मदत होते त्याचे नाव राहते, ज्याची होत नाही त्याचे गळते.

याची उत्तम साक्ष नंदिवर्धनच्या घरातच मिळते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा वारल्यावर मुलगा लहान असताना तिने राज्य चालवले. तिच्या पुणे ताम्रपटात दिवाकरसेन या युवराजाचे नाव आहे आणि रिद्धपूरच्या ताम्रपटात दामोदरसेन व प्रवरसेन या मुलांची. पण हाच प्रवरसेन राजा झाल्यावर स्वतःच्या ताम्रपटांत बापाचे नाव देतो, आईचे देतो, भावांचे देत नाही. आईने स्वतःचे ताम्रपट काढले नसते, तर तिच्या दोन मुलांची नावे आपल्यापर्यंत पोचलीच नसती. भाऊ शिडीत बसत नाही. तो आईच्या कागदात सापडतो.

प्रभावतीच्या ताम्रपटांत आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती वंशावळ देते ती सासरची नाही, माहेरची, गुप्तांची. गोत्रही माहेरचे धारण सांगते, वाकाटकांचे विष्णुवृद्ध नव्हे. पहिल्या रुद्रसेनाच्या वर्णनातही तो भारशिवांचा महाराज भवनाग याच्या मुलीचा मुलगा असल्याचे आवर्जून सांगितले जाते. आजोळ बलवान असेल तर बायकांकडची बाजूही वंशावळीत शिरते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातल्या घटोत्कच लेण्यात वराहदेवाने आपल्या स्वतःच्या कुळाचीही हकीकत कोरवली आहे. त्यात त्याच्या एका पूर्वजाच्या ब्राह्मण आणि क्षत्रिय अशा बायका सांगून मुलांच्या शाखा आईवरून वेगळ्या केल्या आहेत. मंत्र्याला आपले कुळ क्षत्रिय आईकडून आलेले सांगायचे होते, म्हणून ही फांदी नोंदली गेली. म्हणजे स्त्रीचे नाव वंशावळीत न येणे हा काही निसर्गनियम नव्हता. गरज असली की ते येत होते.

कारंज्याच्या मूर्तींची पाठ

वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड हे जुने व्यापारी गाव. दत्तसंप्रदायात ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे, आणि दिगंबर जैनांच्या भट्टारकांची पीठेही तिथे होती. तिथल्या भांडारांतील हस्तलिखिते विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जगापुढे आणली. अपभ्रंश भाषेतील महत्त्वाची काव्ये कारंजा ग्रंथमालेतून छापली गेली.

या परंपरेत वंशाची नोंद ठेवण्याचे दोन प्रकार दिसतात. पहिला पट्टावलीचा. भट्टारक संन्यस्त, त्यांना मुलेबाळे नाहीत. तिथे गुरूनंतर शिष्य पाटावर बसतो आणि त्या क्रमाची यादी ठेवली जाते. गुरूच उत्तराधिकारी ठरवतो, म्हणून ही परंपरा वरून खाली उतरते आणि सलग वाचता येते. १९५८ साली विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात अशा नोंदी एकत्र आणल्या.

दुसरा प्रकार सामान्य गृहस्थांचा आहे आणि आपल्या विषयाला तो अधिक जवळचा. जैन घराण्याने मूर्ती बसवली किंवा ग्रंथाची प्रत करवून दान दिली, की मूर्तीच्या पीठावर किंवा पोथीच्या शेवटी दात्याच्या कुटुंबाची नोंद होते. तिची रीत अशी : अमुक साह, त्याची भार्या अमुक, त्या दोघांचे मुलगे अमुक आणि अमुक, थोरल्याची भार्या अमुक, तिचा मुलगा अमुक. पुण्य साऱ्या घराचे, म्हणून नावे साऱ्या घराची. भाऊ येतात, सुना येतात, नातवंडे येतात. राजांच्या ताम्रपटात जे मिळत नाही ते इथे वीतभर जागेत मिळते. ही शिडी नाही, खरोखरीचे झाड आहे.

अशा लेखांमुळे दूर गेलेली घराणीही जोडता येतात. चितोडगडावरचा जैन कीर्तिस्तंभ बघेरवाल जातीच्या साह जीजा याने उभारला, आणि त्याच्या मुलाचे, पुण्यसिंहाचे नावही त्या कामाशी जोडलेले आहे. या घराण्याचे वंशज पुढे कोठे गेले, हे चितोडला कळत नाही. ते कळते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, वऱ्हाडातल्या एका मूर्तिलेखावरून. तिथे दाता आपण कीर्तिस्तंभ उभारणाऱ्या जीजाच्या वंशातले आहोत असे नोंदवतो. पूर्वजाच्या दगडाला वंशजाचा पत्ता ठाऊक नसतो. वंशजाच्या दगडाला पूर्वजाचा असतो. वाशीमच्या ताम्रपटाचा धडा इथेही तोच आहे. पूर्वजाच्या गावी बसून वंशज सापडत नाहीत, वंशज जिथे गेले असतील तिथले लेख वाचावे लागतात.

जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तांड्यासह फिरणाऱ्या या समाजाकडे जमिनीचा कागद फार पूर्वी असण्याचे कारण नव्हते. तिथे कुळांची आणि गोतांची स्मृती भाट आणि ढाडी यांच्या गाण्यातून चालत आली. कोणाचे कोणाशी लग्न होऊ शकते, हे त्या स्मृतीवर ठरत असे. म्हणजे गरज होतीच, फक्त ती जमिनीऐवजी सोयरिकीची होती.

कोतवाल बुक आणि आजची वंशावळ

राजे गेले, ताम्रपट गेले. वंशावळीची गरज मात्र आज खेड्यातल्या प्रत्येक घराला आहे. बाप वारला की तलाठ्याकडे वारसनोंद करायची, त्यासाठी वंशावळ. वाटणीला वंशावळ. जात पडताळणीला वंशावळ, तीही शपथपत्रावर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर खापरपणजोबाच्या नावाचा शोध हा घरोघरचा विषय झाला. जुनी नोंद सापडणे हे अर्धेच काम असते. त्या नोंदीतला माणूस आणि आज अर्ज करणारा माणूस यांच्यामधली प्रत्येक पायरी दाखवावी लागते. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख जवळ आली की या पायऱ्यांना किती किंमत असते, ते त्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विचारावे.

वाशीमच्या माणसाला हा शोध घेताना जिल्ह्याचा इतिहासही ठाऊक असावा लागतो. १८५३च्या करारानंतर वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्या कारभारात पुढे काही काळ वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. त्यामुळे एकाच घराचे कागद वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कचेऱ्यांत तयार झाले.

विदर्भात या कामी सर्वांत उपयोगी पडते ते कोतवाल बुक. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, की कोतवालामार्फत त्याची नोंद होई. त्यात तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते. मुलाचे नाव मात्र पुष्कळदा नसते. अमुक याला मुलगा झाला किंवा मुलगी झाली, एवढेच. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. मग हा मुलगा म्हणजे थोरला की धाकटा, हे ठरवायला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे लागते. तिथे नाव असते, पण जन्मतारीख अंदाजे घातलेली. दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणजे माणूस पुरा होतो. जुन्या नोंदींत आडनाव नसणे, एकाच गावात एकाच नावाचे दोघे असणे, पाळण्यातले नाव एक आणि हाकेचे दुसरे असणे, या साऱ्या अडचणी रोजच्याच. विंध्यशक्ती आणि विंध्यसेन हे एकच की दोन, हा प्रश्न मिराशींना पडला तसा तो तालुक्याच्या कचेरीत रोज कोणाला ना कोणाला पडतो.

काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक आधार. यात्रेला गेलेला माणूस तिथे स्वतःचे, बापआजाचे, सोबतच्या भावांचे आणि मुलांचे नाव सांगतो, पुष्कळदा सहीही करतो. हरिद्वारच्या पंडांच्या अशाच वह्यांचे मायक्रोफिल्मवर छायाचित्रण अमेरिकेतल्या यूटा येथील वंशावळसंस्थेने केले आहे. गावचा कागद जळला, पुरात गेला, तरी यात्रेतली वही दुसऱ्या प्रांतात सुखरूप असू शकते.

या सगळ्या कागदांतून अजूनही गळते ती लेकीची बाजू. कित्येक छापील कुळवृत्तांतांत मुलीचे नाव येते आणि ‘सासरी’ म्हणून तिची रेघ तिथेच संपते. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. तेव्हापासून वारसनोंदीत तिचे नाव न टाकणे ही नुसती विसरभोळी चूक राहिलेली नाही. ती कोर्टात जाणारी चूक आहे. भवनागाच्या मुलीमुळे रुद्रसेनाच्या वर्णनाला जे वजन आले, ते आता सातबाराच्या उताऱ्याला आले आहे, एवढाच फरक.

म्हणून घरी वंशावळ लिहायला बसणाऱ्याने राजाच्या ताम्रपटाचा कित्ता गिरवू नये, कारंज्याच्या मूर्तिलेखाचा गिरवावा. आपला बाप, आजा, पणजा एवढ्यावर न थांबता प्रत्येक पायरीवर भाऊ लिहावेत, बहिणी लिहाव्यात, त्या कोणत्या गावी दिल्या ते लिहावे, सुनेचे माहेर लिहावे, गाव सोडून गेलेला चुलता कोठे गेला तेही लिहावे. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला यातले पुष्कळ ठाऊक असते आणि ते कोणत्याही कचेरीत मिळत नाही. सर्वसेनाच्या भावांच्या घरी असा एखादा लेख झाला असेल, तर तो कोणत्यातरी शेतात, विहिरीच्या गाळात किंवा देवघरातल्या तांब्याच्या भांड्यांबरोबर पडलेला असेल. वाशीमचा ताम्रपट मिळायला पंधराशे वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्या घरच्या नोंदीला तेवढी वाट पाहायला लावण्याचे कारण नाही.